आड उभा राहणारा माणूस

शनिवारी भर दुपारी मोठ्या दुकानातून बाहेर पडता पडता तो दारातच थांबला. सवयीने थांबला. चौकटीपासून हातभर जागा सोडून त्याने दोन्ही पाय रोवले, पिशवी पोटाशी धरली, कोपरं आत घेतली आणि आत घुसणाऱ्या लोकांकडे अंग करून उभा राहिला. दुकानात कसलीतरी सूट होती, त्यामुळे लोकांचा लोंढा लागला होता. एक बाई खांद्याला घासून गेली, कोणाच्यातरी छत्रीची मूठ बरगडीत बसली, कोणीतरी पायावर पाय दिला. तो हलला नाही. त्याची पाठ आणि चौकट यांच्यामध्ये एक बुटकी बाई आरामात निघून जाईल एवढी फट मोकळी राहिली. तिथून कोणी गेलं नाही. तरी तो थांबून राहिला. शेवटी एक गृहस्थ त्याच्याकडे मान वर करून म्हणाले, "अहो भाऊ, आत यायचंय की बाहेर जायचंय? एक काय ते ठरवा, म्हणजे आम्हीही आमच्या संसाराला लागू." शेजारचे दोघे हसले. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण कोणासाठी उभे आहोत. त्याची बायको थंडीच्या सुरुवातीलाच गेली होती.

फुटपाथवर आल्यावर त्याचे कान तापले. साडेसहा फुटांच्या वर उंची, त्याला साजेसं अंग. असा माणूस काही गर्दीत लपत नाही. चार जणांनी वळून पाहिलंच. पण कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याला हसू यायला लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं अशाच गर्दीत सापडले होते, एका सिनेमागृहाच्या पायऱ्यांवर. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, लोकांच्या नाकांची मापं घ्यायची, आणि तिचं डोकं जेमतेम त्याच्या छातीपर्यंत पोचायचं. "गर्दीत तुला डोकी दिसतात, मला नुसत्या बगला," ती म्हणायची. त्या दिवशी त्याने काही न बोलता मैदानावर करायचा तेच केलं, पाय रोवून आड उभा राहिला, आणि ती त्याच्या कोपराखालून सटकली. पलीकडे जाऊन केस नीट करत म्हणाली, "कपाट घरात आणल्याचा हा एक फायदा झाला म्हणायचा." कपाट हे त्याचं संघातलं नाव. पोरांनी चेष्टेने ठेवलेलं, तिने ते उचललं आणि घरात आणलं. या आड उभं राहण्यावर पुढे ते कधी बोललेही नाहीत. दार आलं, जिना आला, बसथांबा आला की तो उभा राहायचा आणि ती निघून जायची. एकदा ती चुकून दुसऱ्याच बाजूने गेली आणि हा एका अनोळखी म्हातारीसाठी बराच वेळ दार अडवून उभा होता. म्हातारीने त्याला आशीर्वाद दिला आणि बायकोने आठवडाभर चिडवलं.

हसू ओसरलं आणि मग त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली. तो चालता चालता थांबला. आपण दारात उभे होतो, एवढे धक्के खाल्ले, छत्रीची मूठ खाल्ली, आणि आपला पाय जागचा हलला नाही. डावा पाय. तो खाली वाकून आपल्या डाव्या बुटाकडे बघायला लागला, तेव्हा पलीकडून येणारा सायकलवाला घंटी वाजवून त्याला वळसा घालून गेला. आज संध्याकाळी त्या पायावर सगळं होतं.

बास्केटबॉल बघायला येणारे लोक चेंडू बघतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. चेंडूसाठीच तिकीट काढलेलं असतं. कपाटाचं काम चेंडूपासून लांबचं. आपला नेमबाज पळत येतो, त्याच्या मागे विरोधी संघाचा माणूस चिकटलेला असतो. नेमबाजाला एक श्वास घेण्याइतकी सवड मिळाली तर तो चेंडू जाळीत घालतो, नाही मिळाली तर घालत नाही. ती सवड मिळवून द्यायला कोणीतरी त्या दोघांच्या वाटेत जाऊन आड उभं राहावं लागतं. नेमबाज त्याच्या अंगाला घासून निघून जातो आणि मागचा येऊन त्याच्यावर आदळतो. नियम एकच आहे. आड उभं राहणाऱ्याने हलायचं नाही. पाय सरकला, खांदा पुढे गेला, की शिट्टी वाजते, फाउल त्याच्या नावावर लागतो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. येणाऱ्याला धरायचं नाही, चुकवायचं नाही, त्याच्याकडे झुकायचं नाही. तो येईपर्यंत थांबायचं आणि आला की मार खायचा. मार खाणं सोपं आहे, चांगलं अंग असलेला कोणीही खाईल. थांबणं ज्याला जमतं तो या कामाचा. त्याला ते जमत होतं. सतरा-अठरा वर्षं त्याचं घर त्यावरच चाललं होतं.

आणि थंडीपासून त्याला नेमकं तेच जमेना. पहिल्या सामन्यात शिट्टी वाजली तेव्हा लोकांना वाटलं, बिचारा दुःखात आहे. दुसऱ्या, तिसऱ्या सामन्यात वाजली तेव्हा पंचही जरा संकोचून वाजवायला लागले. वाजवायचे मात्र. डॉक्टरने पाठ तपासली, गुडघे तपासले. गुडघे जुने होते, पण ते पूर्वीही जुनेच होते. मग या सोमवारी कोचने त्याला आपल्या खोलीत बोलावून सामन्यांचं चित्रण दाखवलं. कोच म्हणजे सुई. पूर्वी तो याच संघाचा नेमबाज होता, इतका सडपातळ की दोन माणसांच्या मधून ओवल्यासारखा जायचा, म्हणून सुई. आता त्याला पोट सुटलं होतं, पण नाव तेच राहिलं होतं.

"हे बघ," सुईने चित्र थांबवलं. "तो अजून दोन पावलं लांब आहे आणि तुझा डावा पाय निघाला."

"दिसतंय."

"निघालाय कुठे पण?"

"त्याच्याकडे."

"ते मलाही दिसतंय रे. कशाला?"

सुईने चित्र पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. पडद्यावरचा मोठा माणूस पुन्हा पुन्हा येणाऱ्याच्या दिशेने झुकत होता, स्टेशनवर पाहुण्याला सामोरं जावं तसा. मग सुईने यंत्र बंद केलं आणि टेबलाकडे बघत बोलायला लागला. "शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. मी तुला उतरवणार. उभा राहिलास तर पुढच्या वर्षाच्या करारावर सही करू. नाही राहिलास तर नाही. लेका, माझी सगळी कारकीर्द मी तुझ्या पाठीमागून नेम मारला आहे. दुसऱ्या कोणी हे तुला सांगितलेलं मला चालणार नाही, म्हणून मी सांगतोय."

"सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग आता चहा सांग."

सुईने चहा सांगितला. दोघांनी तो प्यायला. त्याला सुईचा राग आला नव्हता. उलट हे सांगायच्या आधी सुईला तीन दिवस झोप लागली नसेल, हे त्याला कळत होतं आणि त्याचंच थोडं वाईट वाटत होतं.

आता दुकानापासून घरापर्यंत चालताना तो मनाशी हिशेब जुळवत होता. दारात जमलं, कारण मागे ती आहे असं वाटलं. मग संध्याकाळीही तसंच समजायचं. आपल्या पाठीमागून नेमबाज जात नाही, ती जाते आहे. एवढंच. पोरखेळ आहे, पण चालेल. उंच माणसाला रस्त्यात एक सोय असते, समोरचे आपोआप बाजूला होतात आणि त्याला विचार करायला मोकळीक मिळते. त्याला शाळेतला खेळाचा मास्तर आठवला. मास्तराने उंची बघून त्याला खेळासाठी ओळीतून बाहेर काढलं होतं आणि आठ दिवसांत तो पस्तावला होता. पहिल्या क्लबातला कोच तर तोंडावर म्हणाला होता, "याला नेम नाही, उडी नाही, वेग नाही." मग खात्री करून घ्यायला दोन पोरांना सांगून त्याला ढकलायला लावलं होतं. दोन्ही पोरं खाली बसली. "पण हा हलत नाही," कोच म्हणाला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर निघालं. तो क्लब एका लहान गावात होता. आठवडाभर त्या सभागृहात कापडाचा बाजार भरायचा आणि शनिवारी टेबलं हलवून खेळ. सगळीकडे नव्या कापडाच्या खळीचा वास, आणि फरशीवर टाचण्या. सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मिळून वाकून टाचण्या वेचायचे. भाड्याच्या खोलीतली खाट एवढी आखूड होती की पायांसाठी त्याने स्टूल आणलं आणि मालकिणीने त्याबद्दल वेगळं बोलून दाखवलं. दुसरा क्लब हंगामाच्या मध्येच बुडाला. एका सकाळी सगळे सरावाला आले तर दाराला कुलूप. तो तेव्हाही फारसा घाबरला नव्हता. कुलपासमोर बसून त्यांनी डबे खाल्ले आणि आपापल्या घरी गेले. मग हा संघ, मग सुई, आणि एक वर्ष करंडकाचं. त्या अंतिम सामन्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. सुई हवेत, चेंडू हातातून नुकताच सुटलेला, मागे लोकांची उघडी तोंडं, आणि डाव्या कडेला नुसतं एक कोपर. बायकोने तो फोटो चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे लावला होता. गिऱ्हाईकाला नवा चष्मा चढवला की ती विचारायची, "आता त्या फोटोत कोपर दिसतंय? दिसतंय ना? मग नंबर बरोबर आहे. ते कोपर आमच्या घरातलं आहे."

लोकांना खरं वाटायचं नाही, पण त्या कोपरापलीकडचं काही हवं होतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आड उभं राहिलं की अंगावर एक धडक बसते, छातीतली हवा बाहेर येते, आणि लगेच मागे कुठेतरी जाळीचा आवाज येतो. मान वळवून बघायचीही गरज नसते. त्या आवाजाइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात मिळालं नाही, एक घर सोडलं तर.

घरी सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर उभ्या होत्या आणि वरच्या फळीकडे हात नेत होत्या. लेक गेली तेव्हा त्या आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. मग त्यांनी जाण्याचं काढलं नाही, त्याने विचारलं नाही. त्या लेकीपेक्षाही बुटक्या होत्या.

"अहो जावई, चहाचा डबा परत ढगात ठेवलात."

"हात तिकडे जातो, आई."

"तुमचा जातो हो. माझा जायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल." त्याने डबा काढून दिला आणि त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. चहा होईपर्यंत त्याने दुकानातली गोष्ट सांगितली. सांगावी की नाही असं वाटत होतं, पण सांगायला घरात दुसरं होतं कोण. सासूबाईंनी पाठ न वळवता ऐकली.

"लोकांनी शिव्या घातल्या असतील."

"एकाने संसार काढला."

"बरोबर आहे त्याचं. एवढं मोठं धूड दारात. मी असते तर चिमटा काढून पुढे गेले असते." चहा गाळताना त्यांचा हात थोडा थांबला. "ती लहानपणीही गर्दीत फार घाबरायची," त्या म्हणाल्या. "मला कधी बोलली नाही हं. हात घट्ट धरायची, त्यावरून कळायचं. लग्नानंतर धरायची सोडली. मला वाटलं, मोठी झाली."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि दोघंही एकदम उठले. त्याची खुर्ची मागे पडली. फोन दूधवाल्याचा होता. उद्या येणार नाही, एवढंच सांगायचं होतं त्याला. खुर्ची उचलून ठेवताना त्याने सासूबाईंकडे पाहिलं नाही आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. थंडीपासून फोनचं असंच चाललं होतं. ती गेली त्या दिवशी तो संघाच्या बसमध्ये होता, दुसऱ्या शहरातल्या सामन्याला निघालेला. सकाळी ती फक्त एवढंच म्हणाली होती, डोकं जरा जड वाटतंय, दुकानात जाऊन आल्यावर पडते. दुपारी फोन आला की तिला दुकानातून दवाखान्यात नेलंय. सुईने बस वळवायला लावली. पुढे एक पूल दुरुस्तीला काढलेला, गाड्यांची रांग लागलेली. त्या रांगेत बस उभी होती. तो सगळ्यात पुढच्या सीटवर पुढे वाकून बसला होता, जसं काही तो वाकल्यामुळे बस लवकर पोचणार होती. दुसरा फोन यायचा होता. तो येणार हे त्याला कळत होतं, आणि तो कसला असणार हेही कळत होतं, आणि तो येत नव्हता. मार बसला असता तर बरं झालं असतं, असं त्याला त्या रांगेत पहिल्यांदा वाटलं. जे काय आहे ते येऊ दे, आपणच जाऊन घेऊ, पण हे मधलं थांबणं नको. शेवटी फोन सुईने घेतला. आत्ता, चहाचा कप हातात धरून, त्याच्या मनात बसमधला तो पुढे वाकलेला माणूस आणि पडद्यावरचा तो झुकणारा माणूस एकदमच आले. तो काही शिकलेला माणूस नव्हता. पण दोघांची पाठ एकच आहे एवढं त्याला ओळखू आलं.

"आज मी येते," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्या खेळाला. घरच्या माणसाची एक खुर्ची असते ना तिथे? ती नेहमी म्हणायची, चल. मी म्हणायचे, माणसं एकमेकांना ढकलतात ते मला रेशनच्या दुकानातही दिसतं. पण आता घरी बसून फोनकडे बघायचं, त्यापेक्षा तिथेच येऊन बघते काय ते."

तो म्हणाला, बरं. आज कदाचित शेवटचा असेल, हे त्याने सांगितलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत नेहमीचा वास होता, औषधी मलमाचा आणि ओल्या टॉवेलांचा. पट्ट्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचा घोटा मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "या पायाला पट्टी लावायची म्हणजे खांब रंगवायचं काम." डावखुरा कोपऱ्यात भिंतीवर चेंडू मारत बसला होता. तो आताचा नेमबाज, चांगला मुलगा, पण फार बोलका. आज बोलत नव्हता. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, कपाटाच्या मनात आलं. संघात ताकास तूर लागू द्यायची नाही म्हटलं तरी ते दुपारपर्यंत पट्टीवाल्याला कळलेलं असतं. बाहेर सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. खालच्या रांगेतल्या खुर्चीत सासूबाई मांडीवर पर्स घेऊन, तिकीट तपासनीस यायची वाट बघत बसतात तशा ताठ बसल्या होत्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

पहिल्या सत्राच्या मध्यावर सुईने त्याला उतरवलं. खेळ सुरू झाला आणि त्याला बरं वाटलं; खेळात शिरलं की नेहमी बरं वाटायचं, बुटांची करकर, धापा, कोणाचीतरी शिवी. मग डावखुऱ्याने मूठ डोक्याला लावली, ती आड उभं राहायची खूण. कपाट धावत कोपऱ्याकडे गेला, पाय रोवले, हात छातीवर घेतले. मागून ती जाते आहे, त्याने मनाशी म्हटलं. कोपराखालून. केस नीट करत. त्याने अगदी मन लावून तिला तिथे आणायचा प्रयत्न केला. पण डावखुरा घामाने थबथबलेला, त्याच्या मानेला वेखंडासारखा कसलातरी उग्र वास, आणि ती कोपराखालून जायची तेव्हा तिच्या हाताला चष्मे पुसायच्या पाण्याचा वास असायचा. ते जमेना. तो तिला शोधत राहिला आणि समोरून माणूस येताना दिसला, आणि तो येतोय, येतोय, अजून येत नाही, आणि डावा पाय निघाला. शिट्टी वाजली. पंच त्याच्याकडे न बघता टेबलाकडे बोटं दाखवत गेला. सुईने त्याला बाहेर बोलावलं. तो बाकावर जाऊन बसला, कोणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला.

संपलं, त्याने मनाशी म्हटलं.

हे एवढ्या शांतपणे कसं म्हणता आलं याचं त्यालाच नवल वाटलं. सोमवारपासून तो या गोष्टीच्या दिशेने वाकून बसला होता आणि आता ती येऊन गेली होती. तिसऱ्या सत्रापर्यंत तो बाकावर होता. कोण किती पुढे आहे याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने सभागृहाचं छत पाहिलं. इतक्या वर्षांत ते नीट पाहिलंच नव्हतं. एका तुळईवर कधीकाळी अडकलेला चेंडू होता, हवा गेलेला, धूळ बसलेला. अरे, हा सुईचा, त्याला आठवलं. सुईने पैज लावून फेकला होता, तेव्हाच्या कोचने दोघांनाही दंड केला, कपाटाने फक्त बघितलं होतं तरी. बाकी कसं गेलं? त्याने स्वतःला विचारलं. बरं गेलं. टाचण्या वेचल्या, डबे खाल्ले, एका माणसाला नेम मारता यावा म्हणून उभं राहिलो, एका बाईला गर्दीतून जाता यावं म्हणून उभं राहिलो. ती गेली, याला काही इलाज नाही. पण ती असताना तिला कोणाचा धक्का लागला नाही. उद्यापासून काय करायचं ते उद्या बघू. दूधही येणार नाही उद्या, उठायची घाई नाही. त्याला चक्क भूक लागली.

"कपाट!" सुई ओरडत होता. त्याच्या जागी खेळणाऱ्याचे फाउल भरले होते, त्याला बाहेर यावं लागलं होतं आणि बाकावर दुसरा उंच माणूस नव्हता. सुईने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जा."

तो गेला. काही ठरवलं नव्हतं. दोन वेळा इकडून तिकडे धावला, त्याचा श्वास चढला, एकदा डावखुऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग मूठ डोक्याला. तो कोपऱ्याकडे गेला आणि उभा राहिला. मागून डावखुरा घासून गेला, त्याच उग्र वासाचा, डावखुराच. समोरून जो येत होता तो नवा, चपळ, खालच्या मानेने धावणारा होता आणि त्याने अजून मान वर केली नव्हती. तो लांब होता. कपाटाला त्याच्या बुटाच्या नाड्या दिसल्या, एकीला गाठ मारलेली. तो अजून लांब होता. हे मधलं थांबणं. त्याला बस आठवली, पुलाआधीची रांग, आणि त्याला दिसलं की रांग तिथेच आहे आणि आपण तिच्यात उभे आहोत, आणि उभं राहता येतंय. पाय जड झाले होते, चांगले जड. मग मुलाने मान वर केली, त्याचे डोळे मोठे झाले, आणि तो आला.

खांदा बरगडीत बसला. हवा बाहेर गेली, छत वर सरकलं आणि पाठीखाली लाकूड आलं. शिट्टी वाजली नाही. कुठेतरी पलीकडे जाळीचा आवाज झाला की नाही, त्याला कळलं नाही. वर तो मुलगा वाकून बघत होता, घाबरलेला. "काका, लागलं का हो?"

"लागलं," तो म्हणाला. खरंच लागलं होतं. बरगडी ठणकत होती, एका जागी, हाताने दाखवता येईल अशी. तो हात टेकून उठला आणि बाकीच्यांच्या मागे धावत गेला, कारण खेळ पलीकडे गेला होता. शेवटपर्यंत सुईने त्याला बाहेर काढलं नाही. आणखी किती वेळा मूठ डोक्याला लागली ते त्याने मोजलं नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन आदळलं आणि प्रत्येक वेळी ते आदळेपर्यंत तो तिथेच होता. सामना संपल्यावर सुई त्याच्याजवळून जाताना थांबला. डोळे लाल झाले होते, ते लपवायला त्याने उगाच नाक शिंकरलं. "सोमवारी ये," तो म्हणाला. "आणि त्या बरगडीला बर्फ लाव, नाहीतर सही वाकडी येईल."

लोक पांगल्यावर तो खालच्या रांगेपाशी आला. सासूबाई तशाच बसून होत्या, पर्स मांडीवर. त्यांची बोटं पर्सच्या पट्ट्यात अडकून पांढरी पडली होती. त्याने बोटं सोडवायला मदत केली. त्याने बरगडीपाशी धरलेल्या बर्फाच्या पिशवीकडे त्या बघत होत्या.

"फार आहे?"

"आठ दिवस हसताना दुखेल."

"मग मी गप्प बसते आठ दिवस," त्या म्हणाल्या. खुर्चीतून उतरून त्यांनी पदर नीट केला आणि त्याचा मोकळा हात धरला. दारापर्यंत दोघं हळूहळू चालत आले. कर्मचारी दिवे मालवत होते, एकेक रांग अंधारात जात होती. तिथे त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "अहो, पण जिंकलं कोण?"

त्याला क्षणभर थांबून विचार करावा लागला. "आपण हरलो, आई. बऱ्याच फरकाने."

"हो का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. "मला तर वाटलं, जिंकलो."